थंडीच्या पहाटे ट्रकच्या मीटरवर बॅटरीचा कोड: तपासणी कुठून सुरू करावी आणि कुठे थांबावे

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळ ट्रकच्या वायरिंगचे काम मी २२ वर्षे करीत आहे. डिसेंबरच्या मध्यावर निफाड-पिंपळगाव भागातला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरला, की पहाटे साडेपाचपासून फोन वाजू लागतो आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाडी रात्री व्यवस्थित उभी केली होती, सकाळी चावी फिरवली तर सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) अर्धा फेरा मारून दमला, मीटरवर बॅटरीचे लाल चिन्ह आले आणि सोबत एक कोड. कांदा किंवा द्राक्षे भरून आग्रा रोडने उत्तरेकडे गेलेल्या गाड्यांचे असेच फोन ग्वाल्हेर, दिल्ली आणि जम्मूकडून येतात. नाशवंत माल भरलेल्या गाडीसह चालक कडाक्याच्या थंडीत रस्त्याच्या कडेला अडकलेला असतो. कोणीतरी त्याला दोन्ही बॅटऱ्या बदलायला सांगतो, तो उसनवारी करून त्या बदलतो आणि पंधरा दिवसांत तोच कोड पुन्हा येतो. हा खर्च आणि मनस्ताप वाचावा, म्हणून मी ज्या क्रमाने तपासणी करतो तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

खालील आकडे २४ व्होल्टच्या ट्रकचे आहेत, म्हणजे ज्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, जोडलेल्या असतात. १२ व्होल्टच्या पिकअपसाठी एकूण व्होल्टेजचे आकडे निम्मे धरावेत.

आधी लक्षण नीट पाहावे

कोड कोणत्या क्षणी आला, हे कोडच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. सेल्फ मारतानाच कोड आला आणि इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत दिवा विझला, तर संशय बॅटरी, टर्मिनल आणि जाड केबल यांच्यावर जातो. इंजिन चालू असताना दिवा तसाच राहिला किंवा हेडलाईट लावल्यावर पुन्हा लागला, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा चार्जिंगची वायर पाहावी लागते. खड्ड्यातून गाडी गेली की कोड येतो आणि सपाट रस्त्यावर जातो, अशी तक्रार असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे, हे जवळजवळ नक्की समजावे. दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीलाच कोड येत असेल, तर चावी बंद असतानाही काहीतरी वीज ओढत आहे.

मोठ्या ट्रकच्या मीटरवर किंवा स्कॅनरवर हा कोड बहुधा एसपीएन (तक्रार कशाबद्दल आहे) आणि एफएमआय (बिघाड कोणत्या प्रकारचा आहे) अशा दोन आकड्यांत दिसतो. एसपीएन १६८ हा बॅटरीच्या व्होल्टेजचा, १५८ हा चावीतून येणाऱ्या पुरवठ्याचा आणि १६७ हा चार्जिंगच्या व्होल्टेजचा क्रमांक आहे. त्यापुढचा एफएमआय १८ असेल तर व्होल्टेज मध्यम प्रमाणात कमी, १ असेल तर फारच कमी, ३ असेल तर प्रमाणाबाहेर जास्त आणि २ असेल तर अस्थिर, असा अर्थ होतो. पिकअप आणि लहान गाड्यांत याच अर्थाने पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा आणि पी०५६३ हा जास्त व्होल्टेजचा कोड येतो.

या कोडसोबत इतर कोडची रांग लागते आणि तिथेच अनेकांची फसगत होते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), ब्रेकची एबीएस, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या डेफ या युरियाच्या द्रावणाची यंत्रणा हे सारे एकमेकांशी सतत बोलत असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज खोल गेले की त्यांतले एखादे क्षणभर गप्प होते आणि बाकीचे त्याच्या नावाने तक्रार नोंदवतात. म्हणून व्होल्टेजचा कोड यादीत असेपर्यंत नॉक्स सेन्सरसारखा महाग भाग कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. पुरवठा दुरुस्त करून कोड पुसावेत आणि जो परत येईल तेवढ्याचाच विचार करावा.

थंडीत नेमके काय होते

बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. २७ अंशांना बॅटरी जेवढी ताकद देते, त्याच्या सुमारे ६५ टक्केच ती ० अंशाला देऊ शकते आणि उणे १८ अंशांना ४० टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेले असते, त्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा अधिक ताकद लागते. गार बॅटरी चार्जही सावकाश घेते. जोडीत किंवा जोडात जो दोष ऑक्टोबरपर्यंत झाकलेला असतो, तो पहिल्या कडक थंडीत उघडा पडतो. दोष जुनाच असतो, आणि तो शोधल्याशिवाय नवी बॅटरी टाकणे म्हणजे तिलाही त्याच वाटेला लावणे होय.

बिनखर्चाची तपासणी

कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. मग चावी आणि बॅटरीचा कटऑफ स्विच बंद करून बॅटरीच्या पेटीचे झाकण काढावे. बीएस-६ गाडीत चावी बंद केल्याबरोबर कटऑफ पाडू नये, एक-दोन मिनिटे थांबावे, कारण त्या वेळात डेफचा पंप नळीतले द्रावण टाकीत परत ओढून घेतो. हे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. नळीत राहिले तर काश्मीर-लडाखकडच्या रात्री नवाच कोड पदरात पडतो.

टर्मिनल हाताने पिळून पाहावे. जरासे जरी फिरले तरी ते ढिले आहे. पांढरा-हिरवा थर जमलेला असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनलचा आतला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करून घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. काढताना आधी निगेटिव्ह काढावा आणि बसवताना तो शेवटी बसवावा, म्हणजे पाना चासीला लागून ठिणगी उडत नाही. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबल, चासीला जाणारी अर्थची केबल, इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी आणि कटऑफ स्विचची दोन्ही टोके, हे सारे याच वेळी पाहावे. इंजिनची अर्थपट्टी खाली चिखलात असल्याने तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. माझ्या अनुभवात टर्मिनलखालोखाल सर्वांत जास्त दोष तिथेच सापडतो.

ज्या बॅटऱ्यांना झाकणे आहेत त्यांत पाणी पाहावे आणि प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड पाणीच घालावे. एका बॅटरीत पाणी वारंवार कमी होते आणि दुसरीत होत नाही, असे दिसल्यास ते लिहून ठेवावे, कारण पुढच्या तपासणीत हीच खूण उपयोगी पडते.

मल्टीमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात

सगळ्या तपासणीचा गाभा येथे आहे. ईसीएमला फक्त २४ व्होल्टची बेरीज दिसते, त्या बेरजेत कोणाचा वाटा किती आहे हे त्याला कळत नाही. म्हणून साध्या मल्टीमीटरने आधी एक बॅटरी, मग दुसरी आणि शेवटी दोन्ही मिळून, असे तीन आकडे घ्यावेत. हे माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी घ्यावे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर दोन मिनिटे हेडलाईट लावून वरवरचा चार्ज उतरवावा आणि मग मोजावे. १२.६ व्होल्टच्या वर भरलेली बॅटरी, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या खाली रिकामी, असा साधारण हिशेब आहे.

गेल्या थंडीत पिंपळगावहून कांदा भरून निघालेला एक ट्रक पहाटे माझ्याकडे ओढून आणला होता. चालक म्हणाला, "भाऊ, दिवाळीलाच दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्यात, बॅटरीचा प्रश्नच नाही." बेरीज २४.६ भरली आणि ती पाहून कोणीही बॅटऱ्या ठीकच म्हटल्या असत्या. वेगवेगळे मोजल्यावर एक १२.७ आणि दुसरी ११.९ निघाली. सेल्फ मारताना पहिली १०.५ वर टिकली, दुसरी ७.४ पर्यंत कोसळली आणि त्याच क्षणी मीटरवर एसपीएन १६८ आला. दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, टेपच्या चिकटपट्टीत गुंडाळलेली एक बारीक लाल वायर होती. ती वर केबिनमध्ये जाऊन म्युझिक सिस्टिम, मोबाइलचा चार्जर, छोटा पंखा आणि देव्हाऱ्याच्या दिव्यांची माळ चालवीत होती.

अशी वायर मला दर चार-पाच गाड्यांमागे एकीत सापडते. केबिनमधल्या १२ व्होल्टच्या वस्तूंसाठी चासीकडच्या बॅटरीवरून थेट वायर घेतली जाते. त्या वस्तू एकाच बॅटरीची वीज खातात, पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच करंट पाठवतो, कारण त्या सिरीजमध्ये आहेत. ही चासीकडची, म्हणजे खालची, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट चढते. वरची गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. एकाच पंगतीत एकीला अजीर्ण आणि दुसरी उपाशी, अशी स्थिती होते. इंजिन चालू ठेवून मोजले तर २८.२ व्होल्टच्या बेरजेत एकीवर १५ आणि दुसरीवर १३.२ असे वाटे दिसतात. इंजिन चालू असताना दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक राहिला, की जोडीचा तोल गेला असे मी धरतो.

उपाय दोन भागांत करावा लागतो. ती वायर काढून २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवावा, त्याला योग्य फ्यूज द्यावा आणि मगच बॅटऱ्यांकडे वळावे. दोन्ही सुट्या करून १२ व्होल्टच्या चार्जरने वेगवेगळ्या, सावकाश भराव्यात, म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअरच्या आतच करंट द्यावा. एक रात्र तशाच ठेवून पुन्हा मोजाव्यात. जी बॅटरी काहीही न जोडता रात्रीत पुन्हा १२.२ च्या खाली येते, तिचा एखादा सेल गेलेला आहे. ती वाचवण्यात वेळ घालवू नये. शंका उरली तर दोन्ही बॅटऱ्यांच्या जागा अदलाबदल कराव्यात. अशक्तपणा बॅटरीबरोबर नव्या जागी गेला तर दोष बॅटरीचा आणि जुन्या जागेवरच राहिला तर दोष वायरिंगचा. या एका युक्तीने मी अनेकांचा नव्या बॅटरीचा खर्च वाचवला आहे.

बदलायच्याच असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच खेपेच्या घ्याव्यात. एक नवी आणि एक जुनी जोडल्यास वर सांगितलेला असमतोल पहिल्या दिवसापासून सुरू होतो. पैशांची ओढ असते हे मी जाणतो, तरीही या ठिकाणी केलेली काटकसर पुढच्या थंडीत दुप्पट होऊन वसूल होते.

हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडची घनता, पाहावी. आपल्याकडच्या भरलेल्या बॅटरीत ती १.२४० ते १.२६० असते आणि सहा सेलपैकी एखादा ०.०५० ने मागे पडला असेल तर तो सेल संपत आला आहे. थंड अॅसिड दाट असल्याने आकडा फुगवून दाखवते. २७ अंशांखालच्या प्रत्येक अंशाला ०.०००७ वजा करावेत, म्हणजे ५ अंशांच्या पहाटे दिसलेले १.२४० हे प्रत्यक्षात १.२२५ च्या जवळ असते.

सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना

या पायरीसाठी दुसरा माणूस लागतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि क्लच पूर्ण दाबलेला असावा. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधले घट्ट तेल ढवळण्याचा भार इंजिनवरून उतरतो, म्हणून थंडीत ही सवय एरवीही ठेवावी. सेल्फ फिरत असताना प्रत्येक बॅटरी ९ व्होल्टच्या वर राहिली पाहिजे. बॅटऱ्या टिकून आहेत तरी सेल्फ मंद फिरत असेल, तर मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ मारावा. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर तेवढी वीज अर्थच्या वाटेतच वाया जात आहे. हेच पॉझिटिव्हच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत करावे. केबल बाहेरून चांगली दिसते आणि टोकाच्या थिंबलच्या (बोल्टला बसणाऱ्या धातूच्या टोपणाच्या) आत तांबे हिरवे होऊन भुगा झालेले असते, ते या मापाशिवाय कळत नाही.

सेल्फ १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान दोन मिनिटांची विश्रांती द्यावी. तीन प्रयत्नांत गाडी घेत नसेल आणि सेल्फ मात्र जोरात फिरत असेल, तर दोष बॅटरीचा नसून बहुधा डिझेलचा आहे. कडक थंडीत डिझेलमधले मेण फिल्टरमध्ये साचते. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल मिळते ते याच कारणाने. महाराष्ट्रात टाकी भरून थेट द्रासपर्यंत जाणाऱ्यांनी वाटेत ते भरून घ्यावे.

इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंग मोजावे. हजार-बाराशे आरपीएमला, हेडलाईट आणि ब्लोअर लावून २७.६ ते २८.८ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ज्या गाड्यांना इनटेक हीटर (इंजिनात जाणारी हवा तापवणारा) आहे, त्यांत सुरुवातीची काही मिनिटे व्होल्टेज खाली-वर होणे स्वाभाविक आहे, कारण हीटर टप्प्याटप्प्याने चालू-बंद होतो. त्यामुळे तो थांबल्यावरच निर्णय घ्यावा. चार्जिंग कमी असेल तर आधी पट्टा पाहावा. थंडीत पट्टा कडक होऊन घसरतो आणि सुरू करताच चिरकतो. पट्टा आणि टेन्शनर ठीक असतील तर अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून चार्जिंगची वीज बाहेर पडते) आणि बॅटरीवर एकाच वेळचे आकडे घ्यावेत. बोल्टवर २८ आणि बॅटरीवर २६.५ असतील तर अल्टरनेटर निर्दोष असून मधली वायर किंवा फ्यूज दोषी आहे. मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. असा डायोड उभ्या गाडीची बॅटरीही रात्रभर उतरवू शकतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत कृपया कोणीही वापरू नये. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज ईसीएम जाळू शकते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर

निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा, सर्व दारे बंद करावीत आणि अर्धा तास थांबावे, म्हणजे गाडीतील कंट्रोलर झोपी जातात. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारू नये, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल. त्यानंतरही १०० मिलिअँपिअर वाहत असतील तर दिवसाला २.४ आणि दहा दिवसांत २४ अँपिअर-अवर जातात. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरड कोसळून गाड्या अनेक दिवस खोळंबतात, तेव्हा एवढी गळती निर्णायक ठरते. एकेक फ्यूज काढत गेल्यास दोषी सर्किट सापडते. कारखान्याबाहेर बसवलेला जीपीएस, जादा हॉर्न आणि इन्व्हर्टर यांच्यापासून सुरुवात करावी.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

बॅटरी फुगलेली असेल, कवच तडकले असेल किंवा आत बर्फ दिसत असेल, तर तिला चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची केबल लावू नये, ती फुटू शकते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे अॅसिड उणे ४० अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीचे उणे ७-८ अंशांनाच गोठते. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा चार्जिंग ३० व्होल्टच्या वर जात असेल, तर इंजिन बंद करून दूर व्हावे. थंडीत इंजिनच्या ऑइल चेंबरखाली शेकोटी पेटवण्याची पद्धत मी उत्तरेत पाहिली आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून जवळ उघडी आग अजिबात आणू नये. इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या गाडीत ईथरचा स्प्रेही मारू नये.

रात्री चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागून हेडलाईट मंद होऊ लागले, तर पुढच्या गावापर्यंत ओढण्याचा मोह टाळून पहिल्याच ढाब्यावर गाडी घ्यावी. भरलेली गाडी दिव्यांविना घाटात बंद पडणे जिवावर बेतते.

वरील सर्व मापे बरोबर असूनही कोड परत येत असेल, तर दोष ईसीएमच्या पुरवठ्याच्या वायरमध्ये, रिलेत किंवा कनेक्टरमध्ये असतो. तिथे टेस्ट लॅम्प लावून किंवा वायरला सुई टोचून पाहू नये. स्कॅनर आणि त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच ते काम द्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर टर्मिनल साफ करण्यापलीकडे काही न करता अधिकृत वर्कशॉप गाठावे. अल्टरनेटर आणि सेल्फ खोलणे हेही रस्त्याच्या कडेचे काम नाही.

इलेक्ट्रिशियन आल्यावर त्याला कोडचा फोटो, पहाटेचे दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे आकडे आणि चार्जिंगचा आकडा लिहिलेला कागद द्यावा. मला असा कागद मिळाला, की तासाभराचे काम दहा मिनिटांत मार्गी लागते. दुरुस्तीनंतर सलग तीन थंड सकाळी सेल्फ मारण्याआधी दोन्ही बॅटऱ्या मोजून त्याच कागदावर तारखेसह आकडे लिहावेत. तिन्ही दिवस फरक ०.१ व्होल्टच्या आत राहिला, तर गाडी लांबच्या फेरीला पाठवायला हरकत नाही.